अक्कानं निवडलेलं मीटर

अक्का,

तू गेल्यानंतरची शिवगणाराधना परवा झाली. नांदेडला, तुझ्याच गच्चीवर मांडव घालून. स्वामी बोलले, दाजींच्या ऑफिसातले दोघं बोलले, मग तुमच्या पॉलिटेक्निकचे प्राचार्य उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम अत्यंत शांत स्वभावाच्या होत्या." मी मागच्या सतरंजीवर बसलो होतो. तेवढ्या दुःखातही मला हसू फुटलं. शांत! आयुष्यभर इन्स्ट्रुमेंटेशन शिकवलेली ही बाई सख्ख्या भावाशी दोन मीटरांवरून चार महिने भांडली होती, हे त्या भल्या माणसाला कुठून ठाव असणार?

तुझ्या पदव्या, तुझे विद्यार्थी, तू उभी केलेली लॅब, हे सगळं लोकांनी सांगितलं. चांगलं सांगितलं. मला ते सांगायचं नाही. मला ते भांडण सांगायचंय. आणि त्या भांडणाच्या पोटात जे होतं, जे मी तू होतीस तोवर एकदाही धडपणे बोललो नाही, तेही.

लातुरात एका डॉक्टरच्या मुलाकडून मी ती जुनी लाल गाडी घेतली तेव्हा पहिला फोन तुलाच केला होता. "टर्बो पेट्रोल हाय अक्का. पाय दिला की पाठ सीटला चिकटते." तू पलीकडून विचारलंस, "ऑइल कधी बदललंय त्यानं?" ना अभिनंदन, ना पेढे. मी तेव्हा रुसलो होतो. पण आठ दिवसांनी तू शनिवारची सुट्टी काढून एसटीनं लातूरला आलीस, पिशवी माझ्या बायकोच्या हातात दिलीस आणि पाणी न पिता सरळ गाडीपाशी गेलीस.

मी शाळेत मराठी शिकवणारा माणूस. इंजिनातलं मला शून्य कळायचं, हौस मात्र दांडगी. कुणाच्या तरी गाडीत पुढच्या काचेच्या कडेला, खांबावर, दोन गोल मीटर बसवलेले मी पाहिले होते, आणि तेव्हापासून ते माझ्या डोळ्यापुढून हलत नव्हते. मला एक बूस्टचं पाहिजे होतं, म्हणजे टर्बो इंजिनात किती हवा कोंबतोय ते दाखवणारं. दुसरं इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराचं तापमान सांगणारं. दोन्ही निळ्या उजेडाची, आकडे पळणारी.

तू ड्रायव्हरच्या सीटवर बसलीस. चष्मा डोक्यावर सारलास.

"तुला बघायचंय काय?"

"बूस्ट."

"बूस्ट जास्त झाला तर काय करशील?"

"पाय काढीन."

"बरं. धुराचं तापमान वाढलं तर?"

मी काचेवरची धूळ पुसायला लागलो.

"किती वाढलं म्हणजे वाढलं म्हणायचं, हे तरी ठाव हाय का?"

"न्हाई."

"मग ते मीटर न्हाई, आरास हाय. गणपतीपुढं लाव."

माझी बायको दारात उभी राहून खळखळून हसली. मला लई राग आला. पण तू हसली नाहीस. तू वर्गात शिकवत असशील तशीच समजावून सांगायला लागलीस. काटा चुकीच्या जागी गेला तर पाच सेकंदांत काय करायचं हे आपल्याला सांगता येत असेल, तरच ते मीटर घ्यायचं. नसेल सांगता येत, तर तो काटा आपल्याला नुसता घाबरवणार, नाहीतर आपण त्याच्याकडं बघणंच सोडून देणार. आणि टर्बोच्या गाडीला सगळ्यात आधी ऑइल प्रेशरचं मीटर लावायचं, कारण टर्बोचा दांडा त्या तेलाच्या जिवावर फिरतो. तेल गेलं की टर्बो गेला, आणि त्याच्यामागून इंजिन.

"कंपनीनं लाल दिवा दिलाय की ऑइलचा," मी म्हणालो.

"दिवा लागतो तवर प्रेशर गेलेलं असतं. दिवा मयताचा निरोप आणतो. काटा आजार सांगतो."

शेवटी एक तुझं आणि एक माझं ठरलं. बूस्ट आणि ऑइल प्रेशर. पण तेवढ्यानं काय भागतंय? निळ्या आकड्यांचं पाहिजे की पांढऱ्या डायलवरच्या काळ्या काट्याचं, ह्यावर एक महिना गेला. तू म्हणायचीस, आकडा वाचावा लागतो, काटा नुसता नजरेच्या कडेनंही दिसतो. मग तेलाची नळी सरळ मीटरपर्यंत आणणारा प्रकार घ्यायचा की इंजिनापाशी सेन्सर लावून आत फक्त वायर आणायची, ह्यावर दुसरा महिना. "भावजय बसते त्या गाडीत. तिच्या गुडघ्याशी उकळत्या तेलाची नळी आणतोस?" एवढं बोलून तू तो विषय संपवलास. मग डायलवर दहापर्यंत आकडे असलेलं घ्यायचं की सातपर्यंत. मला दहाचं भारदस्त वाटायचं. तुझं म्हणणं, तुझी गाडी पाचाच्या वर जाणार नाही, मग अर्धा डायल रिकामा ठेवून काट्याला जागा कशाला कमी करतोस. फोनवर फोन. दाजी वैतागून म्हणाले होते, "लग्न जुळवताना एवढी बैठक झाली न्हवती."

त्या चार महिन्यांइतकं आपण मोठं झाल्यावर कधी बोललो नाही, अक्का. तू नांदेडला, मी लातूरला, सणावारी भेट व्हायची तीही सगळ्यांच्या गर्दीत. ते भांडण मी आता आठवतो तेव्हा मला त्यातला एकही राग आठवत नाही. तुझा आवाज आठवतो. मागं कुकरची शिट्टी व्हायची आणि तू म्हणायचीस, "थांब, गॅस बंद करून येते. विसरू नको कुठं होतो ते."

आता पुढचं.

मीटर बसवायला आपण युसूफभाईंकडं गेलो होतो. लातूरचे जुने ऑटो इलेक्ट्रिशियन, हात सोन्याचा. तू त्यांना कागदावर चित्र काढून दिलंस. सेन्सर जड असतो, तो इंजिनाला पितळी टी, म्हणजे इंग्रजी T च्या आकाराचा जोड, लावून थेट बसवायचा नाही, थरथरून थरथरून टी तडकते. मध्ये लवचीक होज पाइप घ्यायचा आणि सेन्सर बाजूला पत्र्याला क्लॅम्पनं बांधायचा. मला सुद्धा कळेल इतकं सोपं चित्र होतं. त्या संध्याकाळी तू नांदेडला परत गेलीस.

दुसऱ्या दिवशी युसूफभाईंचा फोन. "सर, होज पैप हैदराबाद से आना है. आठ-दस दिन लगेंगे."

मला रविवारी औशाला जायचं होतं. शाळेतले जुने मित्र किल्ल्यापाशी जमणार होते, त्यांना गाडी दाखवायची होती. मी विचारलं, "टी लावून चालणार न्हाई का तोवर?"

"चलेगा तो सही. पन मॅडम नक्को बोले थे ना."

"लावा तुम्ही. होज आला की बदलू. आणि मॅडमला सांगू नका."

हे शेवटचं वाक्य मी बोललो, अक्का. युसूफभाईंचा काही दोष नाही. होज आला तेव्हा त्यांनी मला दोनदा फोन केला. मी आज जातो, उद्या जातो करत राहिलो. काटा झकास चालत होता. सकाळी गाडी थंड असताना चारवर, गरम झाली की रिकाम्या चालीला दीडवर, रस्त्यावर साडेतीन. तू फोनवर विचारायचीस, "किती दाखवून राहिलंय?" मी सांगायचो. तू खूश व्हायचीस.

त्यानंतर सात-आठ महिन्यांनी आपले अप्पा आजारी पडले. तू त्यांना औशाहून नांदेडला तुझ्याकडं नेलंस, आत्यापण सोबत आली. अप्पा सुधारत होते म्हणूनच तू दोन दिवस लातूरला परीक्षेच्या कामाला आलीस. दुसऱ्या दिवशी दुपारी दाजींचा फोन आला. अप्पांना आयसीयूत घेतलंय. तुझं नाव घेऊन राहिलेत. लगेच निघा.

आपण निघालो. मी गाडी कशी हाणली मला आठवत नाही. तू हळू चालव असंही म्हणाली नाहीस. अहमदपूर मागं पडलं. लोहा यायचं होतं. दोन्ही बाजूंना सोयाबीन काढलेली काळी रानं, ऊन कलायला लागलेलं. आणि तू एकदम म्हणालीस, "बंद कर."

"काय?"

"प्रेशर पडलंय. गाडी बंद कर."

मी बघितलं. काटा दोनच्या खाली होता आणि हलत हलत आणखी खाली येत होता.

"दिवा कुठं लागलाय? नांदेड तासाभरावर हाय, अक्का! अप्पा वाट बघून राहिलेत!"

"बंद कर म्हणते ना."

मी पाय काढला नाही. तेव्हा तू हात लांब करून चावी मागं फिरवलीस. इंजिन गप्प झालं. गाडी आपल्या वेगानं थोडी पुढं गेली, मी ती कशीबशी कडेला घेतली आणि उतरून तुझ्यावर ओरडलो. काय काय बोललो ते लिहीत नाही. तुला ठाव आहे.

तू बॉनेट उघडलंस. आतून पांढरा धूर आला. तेल सगळीकडं उडालं होतं, टर्बोच्या तापलेल्या अंगावर पडून चुरचुरत होतं. एका जागी बारीकशी ज्योतही धरली होती. मी पाण्याची बाटली पुढं केली, ती तू बाजूला सारलीस, तेलाच्या आगीवर पाणी चालत नाही म्हणून, आणि रस्त्याकडेची माती दोन्ही ओंजळींनी उचलून तिच्यावर टाकलीस. ज्योत विझली. अजून दोन-तीन किलोमीटर गेलो असतो तर काय झालं असतं, ते दोघांनाही कळलं.

मग तू वाकून बघितलंस. पितळी टी मधोमध तडकली होती आणि सेन्सर तिच्या टोकाला लोंबत होता.

तू ते बघितलंस आणि माझ्याकडं बघितलंस.  मला वाटलं, आता बोलशील. तू पदराला हात पुसलेस, बॉनेट खाली केलंस आणि म्हणालीस, "चल. काहीतरी मिळंल."

लातूरला केळी उतरवून अर्धापूरला परत निघालेला एक टेम्पो थांबला. ड्रायव्हरनं तुला पुढं बसवलं, मी मागं केळीच्या पाल्यावर बसलो. मागची छोटी खिडकी होती, तिच्यातून तुझं डोकं दिसत होतं. एकदाही वळलं नाही.

आपण पोचलो तेव्हा अप्पा जाऊन पाऊण तास झाला होता.

आत्या दवाखान्याच्या पायरीवर बसली होती. "कुठं होता रे तुम्ही? शेवटपर्यंत पोरीचं नाव घेत होता माझा भाऊ. कुठं होता?"

मी तोंड उघडलं. शप्पथ सांगतो, उघडलं होतं. पण माझ्याआधी तू बोललीस. "मी थांबवली गाडी, आत्या. तेलाचा काटा खाली आला म्हणून."

"काटा?" आत्या म्हणाली. "काट्यासाठी थांबलीस?"

"हाव."

एवढंच. धुराचं नाही, आगीचं नाही, टीचं तर नाहीच.

आत्यानं ते मनात धरलं, आणि मनात धरलेलं ती सोडत नाही हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. अप्पांच्या शिवगणाराधनेला ती बायकांत बसून म्हणाली, लेकीला बापापेक्षा काटा मोठा झाला. पुढं प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात ते कुठून तरी निघायचंच. तू वाढत असशील तर वाढत राहायचीस. मी हात धुवायला उठायचो.

महिन्याभरानं तू लातूरला आलीस, ते नवीन होज बसवायला. स्वतः युसूफभाईंच्या शेजारी उभी राहिलीस. जाळीचं आवरण असलेला होज, रबरी गादीचा क्लॅम्प, सगळं आपल्या डोळ्यांदेखत करून घेतलंस. युसूफभाईंची मान वर होत नव्हती. तू त्यांना म्हणालीस, "भाई, चाय मंगाव." बस. मग आपण दोघंच बाहेर बाकड्यावर बसलो तेव्हा मी विचारलं, "अक्का, आत्याला खरं का सांगत न्हाईस?"

तू बशीत चहा ओतलास. "एकानं खाल्ली तेवढी बोलणी पुरं हायत. दोघांनी कशाला खायची?"

मी त्यावर "मीच सांगतो" म्हणायला पाहिजे होतं. मी म्हणालो नाही. मला हायसं वाटलं. ते हायसं वाटणं मला सहा वर्षं झोपेत टोचत राहिलं, पण ज्या क्षणी वाटलं तेव्हा ते गोडच लागलं होतं. तुझ्यापाशी खोटं कशाला बोलू.

आणि मला तुझा रागही येतो, हेही आजच सांगतो. तू मला पाठीशी घातलंस ते प्रेमानं, कळतं मला. पण मी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचा बाप्या होतो. शाळेत मी पोरांना सांगतो की चूक झाली तर उभं राहून कबूल करा. तू मला उभं राहायची जागाच ठेवली नाहीस. तुझ्या पुढ्यात मी जन्मभर तुझ्या कडेवरचाच राहिलो. ह्यावर आपण एकदा तरी भांडायला पाहिजे होतं. मीटरावरून भांडलो तसं, चार महिने, कुकरच्या शिट्ट्यांसकट.

गेल्या महिन्यात मी तुला बघायला आलो ते हेच मनात धरून. तू पलंगावर उशीला टेकून होतीस. हात इतके बारीक झाले होते की बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. आत्या स्वयंपाकघरात होती. दाजी औषधं आणायला गेले होते. मी खुर्ची जवळ ओढली.

"अक्का, ती टी..."

तू डोळे उघडलेस. "टी नको. एकदा सांगितलंय ना. ऑइलचं तापमान बघायचं असेल तर सेन्सर खाली चेंबरच्या नटात बसव. आधी सेन्सरची जागा ठरव, डायल मागून निवड."

तिसरं मीटर घ्यायचं मी कधीतरी फोनवर बोललो होतो, ते तू लक्षात ठेवलं होतंस. मग दम घेत घेत पाच मिनिटं तू मला सांगत होतीस की प्रेशर आणि तापमान शेजारी शेजारी का पाहिजेत, तेल तापून पातळ झालं की प्रेशर कमी दिसतं, ते दोन्ही एकत्र वाचायला शीक. मी हं हं करत राहिलो. मला काय म्हणायचं होतं ते तुला कळलं होतं आणि तू मुद्दाम मला अडवलंस, की तुला खरंच मीटरचंच ऐकू आलं? मी ह्या अकरा दिवसांत दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला. ठरत नाही.

आता परवाचं सांगतो, कारण ते तुला सांगणारं दुसरं कुणी नाही.

प्राचार्य बोलून गेले, प्रसादाच्या पंगती उठल्या. जिन्याजवळच्या खोलीत आत्या बायकांत बसली होती. मी पानसुपारीचं ताट घेऊन आत गेलो. आत्या डोळे पुसत म्हणत होती, "लई गुणाची होती. लई हुशार. एक तेवढंच वंगाळ झालं तिच्या हातनं. बापाच्या टायमाला..."

मी ताट खाली ठेवलं.

"आत्या, ते तिच्या हातनं न्हाई झालं. माझ्या हातनं झालं."

सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. मी उभ्यानंच सांगितलं. चित्र काढून दिलेलं, होज पाइप, मॅडमला सांगू नका, तडकलेली टी, धूर, माती. आत्याला टी म्हणजे काय ते कळेना, तर मी बोटांनी करून दाखवलं.  

आत्यानं विचारलं, "तिला ठाव होतं?"

"हाव. बॉनेट उघडल्याबरोबर."

"आन् सहा वर्सं माझं ऐकून घेतलं तिनं?"

"हाव."

"आन् तू?"

 आत्यानं माझ्याकडं आणखी थोडा वेळ बघितलं आणि तोंड भिंतीकडं केलं.

काल सकाळी तिनं दाजींना म्हटलं, मला पोरीपाशी न्या. माझ्याशी बोलली नाही, पण माझ्याच गाडीत मागं बसली, दाजी पुढं. समाधीवरची माती अजून ओली आहे. आत्या टेकली, बेलाची पानं ठेवली, विभूती ओढली. मग त्या मातीवर हाताचा पंजा थापटून तिला जे म्हणाली ते तसंच लिहितो. "सांगायचं व्हतंस की गं भवाने. मी काय खाल्लं असतं तुझ्या भावाला?" आणि मग ती जी रडली, अक्का, ती अप्पांच्या वेळीसुद्धा तशी रडली नव्हती. दाजींनी तिला उठवायला हात दिला. तिनं झिडकारला. ऊन डोक्यावर येईपर्यंत ती तिथून हलली नाही. आम्ही दोघं बाजूला लिंबाखाली उभे राहिलो.

माझ्याशी ती अजून बोलत नाही. तिनं बोलावं असं मी म्हणत नाही, तिला वेळ लागेल, आणि लागूच दे. तुझ्याकडं अजून माणसं येतात, औशाची, उदगीरची, तुझ्या कॉलेजातली. आत्या बाहेरच्या खोलीत गादीवर बसते. आलेल्या प्रत्येकाला जवळ बसवून घेते आणि पहिल्यापासून सांगते, माझ्या पोरीनं त्या दिवशी हात घालून गाडी थांबवली, बापाला मुकली पण भावाला जळू दिलं न्हाई, आन् वरून मी दिलेली बोलणी खाल्ली. टी ला ती अजून "त्ये पितळाचं" म्हणते.

मी आतल्या खोलीत दाराला टेकून बसतो. दर वेळी पूर्ण ऐकतो.